भिशी उचलून ऑनलाइन समुपदेशन? आधी शनिवारचा हिशोब मांडू

कर्नाटकातल्या निपाणीच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आहे. खासगी मराठी शाळेत नोकरी, पगार १६,५००. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तेव्हापासून झोप नाही, वर्गात फळ्यावर लिहिताना छातीत धडधडतं. डॉक्टरांनी ईसीजी, बीपी पाहिलं, सगळं नॉर्मल. म्हणाले, समुपदेशकाकडे जा. मोबाईलवर एका अॅपचं पॅकेज दिसलं: बारा बैठका, १०,८०० रुपये, तीन महिन्यांची मुदत, पैसे परत नाहीत. एकेक बैठक घेतली तर १,२००. दुसरीकडे कोल्हापुरात एक समुपदेशक बाई आहेत, फी ७००. पॅकेजसाठी ताई रविवारच्या लिलावात भिशी उचलायचं म्हणतायत. विचारतात, बरोबर होईल का?

ताई, आधी भिशीचं बोलू, कारण खरा खर्च तिथे दडलाय. तुमची भिशी वीस जणींची, महिना २,०००, म्हणजे ४०,००० ची. मागच्या वेळी ज्यांनी उचलली त्यांनी लवकर पैसे मिळावेत म्हणून लिलावात ६,५०० सोडले, असं तुम्हीच लिहिलंय. १०,८०० ची गरज भागवायला ६,५०० वर पाणी सोडायचं? समुपदेशन १७,३०० ला पडलं की! सावकारही एवढं घेताना जरा लाजेल. शिवाय हातात उरलेले बावीस-तेवीस हजार घरात कळल्याशिवाय राहणार नाहीत, आणि सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाहीये ना?

आता पॅकेज. ९०० ला एक बैठक, ऐकायला स्वस्त. पण १०,८०० ला १,२०० ने भागा, ९ येतात. म्हणजे तीन महिन्यांत नऊच्या पुढे बैठका झाल्या तरच पॅकेजमध्ये फायदा. मध्ये परीक्षा, पेपर तपासणी, दिवाळीची सुट्टी. आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या बैठकीनंतर वाटलं की या बाईंशी आपलं जुळत नाही, तर? समुपदेशनात माणूस जुळणं हेच निम्मं काम, आणि पॅकेज घेताना तेच माहीत नसतं. मी स्वतः एकदा पोहण्याच्या तलावाचा वर्षाचा पास काढला होता. अकरा दिवस गेलो. दिवसाचा हिशोब काढला तेव्हा त्या पैशात माझ्या अंगणात टाकी बांधून झाली असती.

घेतलंच तर ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापू देणं, चालू करू नका. झाला असेल तर यूपीआय अॅपमध्ये जाऊन रद्द करा. असे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मेसेज वाचत चला.

कोल्हापूरचं गणित असं. फी ७००, जाऊन-येऊन तुम्ही लिहिलेले १५० आणि स्टँडपासून रिक्षा १००. झाले ९५०. रजेचा पगार कापला जाईल ही तुमची भीती, पण शनिवारी सकाळची शाळा असते ना? साडेअकराला सुटून बाराची बस धरली की दोनची वेळ मिळते, संध्याकाळी पाचला घरी. रजा नाही, कपात नाही. त्याऐवजी बेळगावला गेलात तर कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेत तुम्हाला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, हे खरं. पण निपाणी-बेळगाव पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर त्याच्या निम्म्याने. फुकट तिकिटासाठी अख्खा शनिवार घालवू नका. आणि भाषेचं तुम्ही लिहिलेलं वाक्य मी दोनदा वाचलं: ‘कन्नड मला बाजारापुरतं येतं, रडण्यापुरतं नाही.’ मग कोगनोळीचा टोलनाका ओलांडून मराठीतच बोला.

म्हणजे ऑनलाइन वाईट का? अजिबात नाही. काळजी आणि हलक्या-मध्यम नैराश्यासाठी व्हिडिओवरचं समुपदेशन बऱ्याच जणांना समोरासमोर इतकंच उपयोगी पडतं. तुमची अडचण वेगळी आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, रात्री नऊला झोपायच्या खोलीत बसून बोलेन, बाहेर हॉलमध्ये टीव्ही चालू असतो. मधली भिंत प्लायवूडची. पलीकडे सासूबाई. अशा ठिकाणी तुम्ही आईबद्दल काय बोलणार? तासभर ‘हो, बरी आहे’ एवढंच कुजबुजून १,२०० जातील. ऑनलाइनला लागणारी खोली तुम्ही हिशोबात धरलीच नाही. ती शाळेत आहे: शाळा सुटल्यावरचा रिकामा वर्ग.

म्हणून माझं मत असं. पहिल्या चार बैठका कोल्हापुरात, समोर बसून. पहिल्याच भेटीत बाईंना विचारा, पुढच्या काही व्हिडिओवर घ्याल का? आता बरेच समुपदेशक घेतात. त्यांची फी तीच धरली, तर चार वेळा ९५० आणि चार वेळा ७००, मिळून ६,६००. चार महिन्यांवर पसरलं की महिन्याला १,६५०. म्युच्युअल फंडात तुमची महिना २,००० ची एसआयपी आहे, ती तेवढे महिने थांबवता येते का बघा. बऱ्याच फंडांकडे तशी सोय असते, किती महिने थांबवता येते ते त्यांनाच विचारा. आधीचे पैसे तिथेच राहतात. दर आठवड्याला यायला सांगितलं तर पहिले दोन महिने ताण पडेल, तो शिकवणीच्या पैशातून काढा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० मी यात धरले नाहीत. ते सासूबाईंच्या खात्यात येतात, त्यांच्याकडून मागायचे तर कारण सांगावं लागेल.

पाच लाखांच्या कुटुंब विम्यावर भिस्त ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण तुमच्यासारखी साधी पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देते. एकेका बैठकीची फी ओपीडीत, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांत, मोडते. पुढे टर्म विमा घ्याल तेव्हा फॉर्मवर विचारलं तर समुपदेशन घेतल्याचं खरं लिहा. लपवलं तर भोगावं लागतं घरच्यांना, दाव्याच्या वेळी. पण त्या भीतीने आज जाणं टाळू नका. करसवलतीचा विचार सोडा, तुमच्या पगारावर कर नाहीच.

जाण्याआधी फोनवर बाईंना शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. विचारायला संकोच नको, आपण डाळ घेतानाही हातात घेऊन बघतोच. गोळ्या मात्र समुपदेशक देऊ शकत नाही, त्या डॉक्टरच देतात, सहसा मानसोपचारतज्ज्ञ. तशी गरज पडली तर कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असे डॉक्टर येतात. निपाणीत कधी, ते तिथेच विचारून घ्या. औषधासाठी बाजारापुरतं कन्नड पुरतं.

आणि शनिवारची वाट न बघवणारी रात्र आली, जगणं नको वाटलं, तर १४४१६ फिरवा. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही. तो नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही टाकून ठेवा, त्यांना सगळं माहीत आहे म्हणालात म्हणून सांगतो.

लिलाव रविवारी आहे. भिशीच्या बाईंना आजच निरोप धाडा की या खेपेला तुम्ही बोली लावत नाही.