१५० पीसी, डोमेन आहे, तर सॉफ्टवेअर ग्रुप पॉलिसीने टाकू की वेगळं टूल घेऊ?

मी आधी ग्रुप पॉलिसीनेच (डोमेनमधल्या, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यातल्या, सगळ्या पीसींना एकदम सेटिंग पाठवायची विंडोजची सोय) केलं होतं, फुकट आहे ना म्हणून. विंडोज २००० पासूनची सोय आहे आणि चालते, पण कॉम्प्युटरला असाइन करायचं तर फक्त एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरची) फाइल चालते, साधा ईएक्सई सेटअप असेल तर बसा मशीन चालू होताना चालणारी स्टार्टअप स्क्रिप्ट लिहीत. शिवाय इन्स्टॉल होतं मशीन चालू होताना, आणि लोक मशीन बंदच करत नाहीत, लॅपटॉपचं झाकण मिटलं की झालं त्यांचं शटडाउन.

माझा अख्खा दिवस खाल्ला तो शेअरच्या (इन्स्टॉलरची फाइल ठेवलेल्या नेटवर्क फोल्डरच्या) परमिशनने. मी लॉगिन करून बघितलं की फाइल मस्त उघडायची, पण इन्स्टॉल काही होईना, कारण त्या वेळी कुणी युजर लॉगिनच नसतो, मशीन स्वतःच्या अकाउंटने शेअरवर जातं, म्हणजे रीड परमिशन ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या ग्रुपला पाहिजे. पाथही पूर्ण नेटवर्कचा द्या, झेड ड्राइव्ह वगैरे नको.

पण खरी बोंब वेगळीच आहे, कुठे बसलं आणि कुठे नाही याचा रिपोर्टच मिळत नाही, एकेका मशीनचा इव्हेंट लॉग बघत फिरा. त्यासाठीच मी पीडीक्यू डिप्लॉय हे नेटवर्कवरून सॉफ्टवेअर पाठवणारं वेगळं टूल घेतलं. बटण दाबलं की जातं, ईएक्सई पण चालते, कुठे फेल झालं ते समोर दिसतं. (३०१० कोड आला तर घाबरू नका, इन्स्टॉल झालंय, फक्त रीस्टार्ट मागतंय.) अट एवढीच की मशीन चालू आणि नेटवर्कवर पाहिजे.

एससीसीएम (मायक्रोसॉफ्टचं याच कामाचं मोठं टूल) १५० मशीनला नको, त्याचा सर्व्हर आणि एसक्यूएल डेटाबेस सांभाळायलाच एक माणूस लागेल. इमेजमध्ये (नव्या मशीनवर उतरवायच्या विंडोजच्या तयार कॉपीत) सॉफ्टवेअर टाकून ठेवणं म्हणजे दोन महिन्यांत शिळं.

इंट्यून, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड टूल, इंटरनेटवरून चालतं, पण लगेच काही होत नाही, वाट बघायची तयारी ठेवा. तिथे डिटेक्शन रूल (सॉफ्टवेअर बसलंय का हे ओळखायचा नियम) नीट लिहा, नेमकं व्हर्जन टाकलं आणि सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं तर त्याला वाटतं हे बसलेलंच नाही, मग परत जुनं टाकायला जातं.

काहीही घ्या, आधी एका मशीनवर सिस्टम अकाउंटने (विंडोजच्या स्वतःच्या अकाउंटने) सायलेंट, म्हणजे काही न विचारता होणारं, इन्स्टॉल करून बघा, नाहीतर कुणालाच न दिसणाऱ्या ओके बटणापाशी ते अडकून बसतं.

लॅपटॉप किती ते तुम्ही लिहिलं नाही. निम्म्याहून जास्त लोक बाहेरून काम करत असतील तर सरळ इंट्यूननेच सुरुवात करा, पीडीक्यूच्या भानगडीत पडू नका.