घोड्यांच्या शर्यतींना नवे लोक का येत नाहीत, आणि आलेले का टिकत नाहीत?

या प्रश्नाला एका सद्गृहस्थांनी आधीच उत्तर देऊन ठेवलंय की लोक आता शिकले-सवरले, जुगाराचे तोटे कळले, म्हणून रेसकोर्स ओस पडली. ते वाचलं नसतं तर मी इथे लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. लोक शहाणे झाले म्हणे! शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचाच २०२४ चा अहवाल आहे: तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोक फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली याच्या सौद्यांत उतरले, त्यातले ९३ टक्के बुडाले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि घोड्यावर पन्नास रुपये लावणारा तेवढा बिघडलेला.

मी बँकेत कारकून होतो आणि सीझनमध्ये रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर टोटच्या, म्हणजे क्लबतर्फे पैजा घेणाऱ्या खिडकीवर बसायचो. तेव्हा टोटवर बसणारे बरेचसे आमच्यासारखेच होते, आठवडाभर दुसरीकडे नोकरी आणि रेसच्या दिवशी इथे. दिवसाचे पैसे मिळायचे, हिशेब कमी आला तर आपल्या खिशातून भरायचे. मी पंटर, म्हणजे पैसे लावणारा नव्हे, पण पंटर जवळून पाहिलेत. लालबाग-परळचे गिरणीवाले, टॅक्सीवाले, धोतरातले गुजराती शेठ, कोटाच्या खिशात पेन्सिल खोचलेले पारशी म्हातारे. शेवटच्या दोन मिनिटांत सगळे एकदम खिडकीवर तुटून पडायचे: "चार नंबर, विन, पन्नास!" "सात, प्लेस, वीस!" विन म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा, प्लेस म्हणजे पहिल्या दोन-तीनांत आला तरी चालतो. बेल झाली की खिडकी बंद, मग हात जोडा नाहीतर शिव्या द्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर त्यातला एक मोठा थर हळूहळू नाहीसा झाला. त्याची जागा घ्यायला नवा थर का आला नाही, हा तुमचा खरा प्रश्न.

माझ्या मते पहिलं कारण कर, दुसरं कारण कर, आणि बाकीची त्यानंतर. कसं ते आमच्या भाच्याच्या गोष्टीवरून सांगतो, म्हणजे टक्केवारीत डोकं घालावं लागणार नाही.

भाचा म्हणजे आमच्या साडूंचा मुलगा. पोरगा इंजिनिअर, आकड्यांत रमणारा. त्याला एकदा रेस बघायची होती. साडूंनी जेवणाच्या पानावरच सुनावलं, "पोराला भलते नाद लावू नका." साडू स्वतः बाजाराच्या वेळेत दोन स्क्रीन लावून बसतात, पण तो विषय पुढे येईल.

मी त्याला मुद्दाम साध्या रविवारी नेलं. आधी स्टँडवर न जाता थेट पॅडॉकवर, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे. माझं म्हणणं असं की नव्या माणसाला पहिल्यांदा घोडा दाखवावा, भाव नंतर. क्लास फोरचं हँडिकॅप होतं, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधलेली रेस, १४०० मीटर. मोतद्दार एकेक घोडा फिरवत होते. एक तांबडी घोडी सारखी मान झटकत होती, मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस आला होता. मी म्हटलं, "हिची अर्धी रेस इथेच पळून झाली." तिच्या मागून एक काळसर घोडा, अंगावर तुकतुकी, कान पुढे, पाऊल लांब टाकत निवांत चाललेला. भाच्याने रेसचं पुस्तक उघडलं. कुणावर किती किलो वजन, मागच्या रेसला कितवा आला, तेव्हा अंतर किती होतं, वेळ किती लागला. पहिली दहा मिनिटं त्याला काही उमजेना. मग डोकं चालायला लागलं. "काका, हा मागच्या वेळी साडेतीन किलो जास्त घेऊन तिसरा आलाय. आज वजन कमी आणि अंतर जास्त. चालेल ना?" मला पोराचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पोर सावध, म्हणून विन न लावता प्लेस लावायचं ठरवलं. रिंगमध्ये, म्हणजे बुकी बसतात तिथे गेलो. बुकीकडे प्लेसचा भाव होता तीस पैसे, म्हणजे शंभराला तीस रुपये फायदा. शंभर लावायचे तर द्यायचे एकशे अठ्ठावीस, कारण तेव्हा जीएसटी २८ टक्के होता आणि तो तुमच्या जिंकण्यावर नाही, लावलेल्या रकमेवर. भाच्याने मुकाट्याने पैसे दिले, त्याला वाटलं सिनेमाच्या तिकिटासारखं काहीतरी असेल.

रेस सुटली. काळसर घोडा वळणावर मधोमध अडकला, समोर भिंत. शेवटच्या दोनशे मीटरला जॉकीने बाहेर काढला आणि तो असा सुटला की पोरगा खुर्चीवर चढला. अर्ध्या मानेने दुसरा. आजूबाजूचे अनोळखी लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. आवाज बसला त्याचा. तिकीट घेऊन धावत गेला आणि एकशेतीस रुपये घेऊन परत आला.

एकशे अठ्ठावीस दिले, एकशेतीस मिळाले. घोडा ओळखला, वजन वाचलं, अंतर वाचलं, अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला आणि कमाई दोन रुपये. पोराने दोनदा नोटा मोजल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, ह्यांचं काहीतरी चुकलंय." मी म्हटलं, चुकलेलं काही नाही, नियमच असा आहे.

ही २८ टक्क्यांची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. आज तोच घोडा, तोच भाव, तोच दुसरा नंबर धरा: एकशेचाळीस द्यायचे आणि एकशेतीस घ्यायचे. म्हणजे जिंकून दहा रुपयांचा फटका! विनचा हिशेबही करून बघा. बरोबरीच्या भावाने, म्हणजे शंभराला शंभर फायदा धरून, शंभर-शंभरच्या दहा पैजा लावल्या तर चौदाशे गेले. निम्मे घोडे आले तर हातात हजार. दहातले सात आले तेव्हा कुठे मुद्दल सुटतं, आणि सतत दहात सात आणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. टोटवर हे असं समोर दिसत नाही, पण कापाकापी तिथेही होतेच, फक्त डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, बारीक होऊन येतो. वर दहा हजारांपुढे जिंकलात तर ३० टक्के टीडीएस. अशा ठिकाणी नवा माणूस का टिकत नाही हे विचारावं लागतं याचंच मला नवल वाटतं.

बाहेर पडून स्टेशनकडे निघालो तर फुटपाथवर एकजण भाच्याच्या कानाशी लागला. टॅक्स नाही, रोख नको, आठवड्याने हिशेब, फोनवर लाव. गेलेले पंटर कुठे गेले याचं उत्तर तिथे उभं होतं. घोडा तोच, जॉकी तोच, शर्यत महालक्ष्मीचीच, पण त्यातला एक पैसा ना क्लबला, ना सरकारला, ना त्या मोतद्दाराला.

हे जगात इतरांना कधीच कळलंय. ब्रिटनने २००१ साली पंटरवरचा कर काढला आणि बुकीच्या नफ्यावर बसवला. हाँगकाँगने २००६ साली उलाढालीवरचा कर काढून नफ्यावर नेला, कारण त्यांचाही पैसा बेकायदा बुकींकडे वाहत होता. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली मद्रासच्या खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. कर लावताना मात्र कसिनोच्या शेजारी नेऊन बसवली.

आता साडू. भाच्याने घरी जाऊन दोन रुपयांची गोष्ट सांगितली. साडू खदाखदा हसले. "बघ, म्हणून सांगत होतो, जुगारात कुणाचं भलं झालंय?" त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशाला, श्राद्धाला माझी ओळख "आमचे रेसवाले" अशी करून देतात. मी घोड्यावर आयुष्यात जेवढे लावले त्याहून जास्त ते ऑप्शन्सची मुदत संपते त्या एका एक्स्पायरीला घालवतात, हे मला त्यांच्या बायकोकडून, म्हणजे माझ्या मेहुणीकडूनच कळतं. पण त्यांच्या नादाला 'पोझिशन' म्हणतात. त्यांच्या व्यवहारावरचा कर टक्क्याच्या अपूर्णांकात. तोटा झाला तर तो धंद्यातला तोटा, विवरणपत्रात दाखवून आठ वर्षं पुढे ओढता येतो. पंटरने शंभर रेसमध्ये गमावले आणि एका रेसमध्ये कमावले तर त्या एका रेसच्या कमाईवर सरळ ३० टक्के, आधीच्या शंभरांचं नाव काढायचं नाही. बरं, मी निदान पॅडॉकवर जाऊन घोडा डोळ्यांनी बघतो. साडूंनी ज्याचे ऑप्शन्स घेतलेत ती कंपनी काय बनवते हे एकदा त्यांना विचारा.

बाकीची कारणं थोडक्यात. एक रेस दीड-दोन मिनिटांची आणि दोन रेसमध्ये अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काय करायचं हे नवख्याला कुणी सांगत नाही. आम्हाला पॅडॉक, भाव, चहा, वाद यात तो पुरायचा नाही. पुस्तक इंग्रजी, त्यात अर्धी अक्षरं आद्याक्षरं. बऱ्याच रेसना पाच-सहाच घोडे आणि त्यात एक ठार फेव्हरिट, मग लावायचं तरी काय? घोडा हरला की "जॉकीने खेचला", म्हणजे मुद्दाम मागे ठेवला, हे तर आमच्याकडे रडगाणंच आहे. खेचत असतील कधी, नाही असं नाही, पण दहातल्या नऊ वेळा घोडा आपला साधा हरलेला असतो. आणि छोट्या पंटरला मान नाही. एका शहरातल्या रेसकोर्सवर (कुठल्या ते सांगत नाही) साध्या स्टँडमध्ये प्यायचं पाणी शोधत मी एक अख्खी रेस घालवली, आणि पलीकडच्या लॉनवर टोप्यांची स्पर्धा चालली होती. टोपीवाल्या वर्षातून एकदा येतात. वीस रुपयेवाला दर रविवारी यायचा.

शिवाय जागेचं काही खरं नाही. महालक्ष्मीची लीज २०१३ साली संपली, पुढची दहा-अकरा वर्षं नुसता घोळ. २०२४ साली १२० एकर पालिकेच्या उद्यानाला आणि ९१ एकर क्लबला असं ठरलं. त्याच वर्षी चेन्नईत गिंडीच्या रेसकोर्सला सरकारने टाळं लावलं. उद्या इथे असू की नाही हे माहीत नसताना स्टँडवर पैसा कोण घालेल? डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली तेव्हा शनिवार-रविवारी रेसच्या शौकिनांना पुण्याला नेण्याआणण्यासाठी धावायची. आता त्या गाडीत बसून जॉकीचं नाव विचारा, एक सांगता येणार नाही कुणाला. आपला ए. संदेश चॅम्पियन जॉकी आहे, मराठी पेपरांना त्याचा फोटो छापावासा वाटत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. करच सगळं बुडवतो असं असतं तर सिंगापूरची रेस चालू राहिली असती. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये शेवटची शर्यत झाली, १८४२ पासूनचा क्लब बंद. मकाऊही त्याच वर्षी बंद. म्हणजे जागेची हाव आणि लोकांची उतरलेली हौस हे सगळीकडेच आहे. आणि हो, नादाने संसार धुऊन निघालेले मी खिडकीतून पाहिलेत. शेवटच्या रेसला दिवसभराची वसुली करायला आलेल्या माणसाचे हात थरथरतात, नोट जाळीतून आत येत नाही. कुणाच्या घरी आधीच असा नाद असेल तर हे उत्तर त्याच्यासाठी नाही.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर पहिल्यांदा डर्बीला, म्हणजे सीझनच्या सगळ्यांत मोठ्या रेसला जाऊ नका. फेब्रुवारीचा पहिला रविवार, तेव्हा घोडा सोडून सगळं दिसतं. साध्या दिवशी जा, पहिल्या रेसच्या आधी पोचा, पॅडॉकच्या कठड्याला धरून उभे राहा. जास्त घोडे असलेलं हँडिकॅप निवडा. गेले तर गेले म्हणता येतील एवढेच पैसे न्या, कार्ड घरी ठेवा. प्लेसला चाळीस पैशांच्या खालचा भाव असेल तर हात लावू नका, कारण का ते वर सांगितलंय. भाचा अजून येतो माझ्याबरोबर, एक पैसा लावत नाही, पेन्सिलीने पुस्तकात अंदाज लिहितो आणि बऱ्यापैकी बरोबर येतात.

आणि साडू इथे खाली येऊन काही लिहिणार हे मला माहीत आहे. त्यांना एवढंच सांगा, आधी गेल्या वर्षाचं ब्रोकरचं स्टेटमेंट इथे टाका, मग बोलू.