टोळी सोडली तर पोराला मारतील काय?

"मॅडम, सोडायचं म्हणतोय, पण ती पोरं गप्प बसतील काय? त्यापेक्षा कोल्हापूरला मामाकडं ठेवू?" बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आईवडील मला हे हमखास विचारतात. एका मुलाच्या अनुभवावरून उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बेळगावच्या वडगावातलं विणकराचं घर. बाप दिवसभर पॉवरलूमवर, आई कांड्या भरते. पोरगं 17 वर्षांचं, पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) दोन विषय राहिलेले. गल्लीतल्या 'दादा'च्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापला आणि तो व्हिडिओ ह्यानं स्टेटसला ठेवला. पोलिसांनी बोलावलं, प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. मग आई त्याला माझ्याकडं घेऊन आली.

तलवारीचा विषय मी काढलाच नाही. "संध्याकाळी सातला कुठं असतोस?" एवढंच विचारलं.

"कट्ट्यावर. तिथं गेलं की कोण तरी चहा सांगतंय. घरात नापास म्हणूनच हाक मारतात."

अशा पोरांना दहशतीपेक्षा हा चहा जास्त बांधून ठेवतो, असं माझं ठाम मत आहे. मामाकडं पाठवलं तरी मोबाईल बरोबर जातोच, आणि गणपतीला पोरगं परत त्याच कट्ट्यावर येतं. जिवाला खरोखर धोका असेल तरच गाव सोडायला लावा.

दुसरी गाठ पैशाची होती. त्याच्या मोबाईलचे हप्ते दादानं भरले होते. "पैसे घेतलेत, बोलावलं की जायलाच लागतंय." बाप गल्लीतल्या एका जाणत्या काकांना घेऊन गेला आणि चार माणसांसमोर रक्कम फेडून आला. वाद झाला नाही. तुमच्या पोराचंही असं काही देणं आहे का, ते न रागावता विचारा.

'मी सोडलं' असं जाहीर करायचं नाही, हे मी त्याला बजावलं. जाहीर केलं की समोरच्याला अपमान वाटतो. अभ्यासाचं, तालमीचं कारण सांगून जाणं कमी करायचं. तालमीच्या वस्तादांशी मी आधीच बोलले होते. सातला पोरगं दारात उभं राहिलं, तेव्हा त्यांनी मागचं काही विचारलं नाही, हातात खोरं दिलं आणि हौद्यातली माती उकरायला लावली. घामाघूम झाल्यावर स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. "उद्या लवकर ये, बारकी पोरं येतात, त्यांच्या बैठका मोजायच्या." नापास म्हणून नव्हे, तर कामासाठी कुणीतरी त्याला हाक मारली होती. पुढं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्यांनी त्याला आयटीआयची वाट दाखवली.

कायद्याची भीतीही घरोघर असते. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की अल्पवयीन असताना झालेल्या गुन्ह्यामुळं पुढं अपात्रता येत नाही. 16 वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर मात्र हे संरक्षण नाही. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील मोफत मिळतो. पण अठरानंतर रावडी शीट उघडली, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या नोंदीत नाव गेलं, तर सण आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात हजेरी चुकत नाही. शीट पडली की वजन वाढतं असं पोरांना वाटतं. त्यांना हे स्पष्ट सांगा.

त्याला कुणी मारलं नाही. काही दिवस दारासमोर गाड्यांचे हॉर्न वाजले. बाप आणि शेजारचे दोघं अंगणात बसायला लागले, मग ते थांबलं. धमकी आलीच असती तर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन लेखी तक्रार द्यायची, आणि लागलं तर 112 किंवा मुलांच्या 1098 वर फोन करायचा, हे ठरलेलं होतं.

त्या ग्रुपमधले दोघं अजून त्याचे मित्र आहेत. ते तोडायला मी सांगितलेलं नाही. विसर्जनाच्या रात्री तो कुणाबरोबर असेल हे मात्र आम्ही आत्ताच ठरवलंय. वस्ताद त्याला आपल्या मंडळाच्या ट्रॉलीबरोबर ठेवणार आहेत.