ग्रिओला मराठीत भाट म्हणावं का?

प्रश्न असा आहे की माली-सेनेगलकडच्या लोककथांच्या एका पुस्तकाचा अनुवाद चाललाय, मुलांसाठी, आणि त्यात 'ग्रिओ' (तिकडचा पिढीजात गाणारा, घराण्यांच्या कहाण्या सांगणारा) हा शब्द पानापानावर येतो. तर त्याला भाट म्हणावं, शाहीर म्हणावं की सरळ कथेकरी? 'टोळीचा भाट' चालेल का? शिवाय दोन 'आफ्रिकन म्हणी' कशा लिहायच्या तेही विचारलंय, त्यांच्याकडे नंतर येते.

माझं मत सरळ सांगते. भाट नको. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'ग्रिओ' किंवा त्यांच्या भाषेतला 'जेली' तसाच ठेवा, हा माणूस कोण ते एका वाक्यात सांगा आणि पुढे बिनधास्त तोच शब्द वापरा. आपली मुलं सामुराई वाचतात, निन्जा वाचतात, कुणाला अडत नाही.

आता का ते. माली, गिनी, गांबिया आणि आसपास मांडे गटातल्या भाषा बोलणारे जे लोक आहेत त्यांच्यात जेली हा जन्माने मिळणारा पेशा आहे. कुयाते, जाबाते, सिसोको ही आडनावं ऐकली की समोरच्याला कळतं की हे जेलीचं घर. लोहार, चामड्याचं काम करणारे आणि जेली हे तिघं मिळून 'न्यामाकाला' नावाचा एक वर्ग होतो आणि लग्नंही परंपरेने त्यांच्यातच होतात. जेली राजाची स्तुती गातो हे खरंच, पण ते त्याच्या कामातलं एक काम. घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, बारशाला आणि लग्नाला उभं राहून पूर्वजांची नावं घ्यायची, सोयरिकीची बोलणी करायची, दोन घरांत फाटलं तर मध्ये पडून मिटवायचं, हे सगळं त्याच्याकडे. आणि मोठ्या माणसाने चारचौघांत मोठ्याने बोलणं तिथे बरं दिसत नाही, म्हणून सरदार हळू आवाजात बोलणार आणि जेली तेच खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगणार. बायकाही असतात, त्यांना जेलीमुसो म्हणतात, आणि गाण्यात तर त्यांचा मान फार मोठा.

आजच्या मराठीत भाट म्हटलं की भाटगिरी आठवते, पैसे घेऊन वाहवा करणारा. वाचक पहिल्या पानापासून त्या माणसाकडे संशयाने बघणार आणि मग गोष्ट चालतच नाही. उदाहरण म्हणून सुंजाताच्या आख्यानातला एक प्रसंग बघा, तुमच्या पुस्तकात तो बहुतेक असेलच. सुंजाता केइता म्हणजे तेराव्या शतकात मालीचं साम्राज्य उभं करणारा राजा आणि बाला फासेके कुयाते त्याचा जेली. शत्रू सुमाओरो कांते, सोसोचा राजा, हा फासेकेला आपल्याकडे अडकवून ठेवतो. या सुमाओरोकडे एक बालाफोन असतं, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, खाली भोपळे लावलेलं वाद्य, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. राजा बाहेर गेलेला असताना फासेके त्या खोलीत शिरतो आणि वाजवायला बसतो. राजाला दूरवर असूनही ते कळतं, तो तलवार उपसून धावत येतो, दार उघडतो, आणि फासेके त्याच क्षणी वाजवता वाजवता त्याच्यावरच एक स्तुतिगीत रचून गायला लागतो. राजाचा हात थांबतो. त्याला ते इतकं आवडतं की तो म्हणतो आजपासून तू माझा. काही पाठांत तर फासेके पळून जाऊ नये म्हणून राजा त्याच्या टाचेच्या शिरा कापतो असंही येतं. आता इथे 'भाटाने राजाची स्तुती केली' असं लिहून बघा, सगळा प्रसंगच मेला. तिथे स्तुती ही त्याची ढाल आहे, जीव वाचवायला त्याच्या हातात दुसरं काहीच नाही.

(हे बालाफोन नुसतं गोष्टीतलं नाही बरं का. गिनीत न्यागासोला गावी कुयातेंच्याच वंशातलं दोकाला घराणं 'सोसो बाला' नावाचं एक जुनं वाद्य सांभाळतं, वीस पट्ट्यांचं, तेच ते सुमाओरोचं अशी परंपरा आहे. घराण्याचा प्रमुख ठराविक प्रसंगीच ते वाजवतो. 2001 मध्ये युनेस्कोने त्याला मौखिक वारशात मान दिला.)

बरं, मग भाट शब्दात खरं काहीच नाही का? तर आहे, आणि इथेच हा शब्द खूप जवळ येऊन फसवतो. मालीचे मोठे विद्वान आमादू हाम्पाते बा यांनी लिहून ठेवलंय की जेलीला 'दोन जिभा' असायची मुभा असते, तो वाढवून सांगू शकतो, रंगवू शकतो, लोक ते धरूनच ऐकतात. परंपरेचे खरे जाणकार वेगळे, त्यांना 'दोमा' म्हणतात, आणि खोटं न बोलण्याचं बंधन आहे ते त्यांच्यावर. म्हणजे जेलीबद्दल आदरही आहे आणि थोडी धास्तीही, कारण तो आज गौरव करेल आणि उद्या बिदागी नाही मिळाली तर आजोबांची लाज भर चौकात काढेल. सेनेगलमध्ये सेरेर आणि वोलोफ लोकांत तर ग्रिओला जमिनीत पुरायचे नाहीत, गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवायचे, कारण तो मातीत गेला तर पाऊस जाईल, पीक जाईल अशी समजूत. विसाव्या शतकापर्यंत हे चालू होतं. मान आणि विटाळ दोन्ही एकाच माणसाला, हे एका मराठी शब्दात बसवणं मला तरी जमलेलं नाही.

शाहीर म्हणाल तर तो पोवाडा रचतो, पण तुमच्या घरच्या सोयरिकीत त्याचं काय काम? गोंधळी देवीचा. कथेकरी तर फारच पातळ होतं. वंशावळीपुरतं बोलायचं तर दक्षिण महाराष्ट्रातले हेळवी जास्त जवळचे वाटतात, गावोगाव फिरून कुळाची माहिती सांगणारे, तळटीप देणार असाल तर त्यांचा उल्लेख जरूर करा, सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला चटकन कळेल.

आता मूळ शब्द कोणता घ्यायचा. 'ग्रिओ' हा फ्रेंचांच्या लिखाणातून सतराव्या शतकापासून आलेला शब्द, त्याच्या उगमाबद्दल पोर्तुगीजपासून पुष्कळ तर्क आहेत, एकमत नाही. स्थानिक शब्द वेगवेगळे, मालीत जेली, गांबियाकडे जाली, वोलोफमध्ये गेवेल, फुलानीत गावलो. आणि यातला जाली हा शब्द चौदाव्या शतकातच कागदावर आलाय! मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352-53 मध्ये मालीच्या मन्सा (म्हणजे राजा) सुलेमानच्या दरबारात होता, त्याने हा शब्द नोंदवलाय. दौलताबादच्या मराठ्यांबद्दल लिहिणारा तोच हा इब्न बतूता. तो सांगतो की सणाच्या दिवशी हे कवी पिसांचा पोशाख घालून, लाकडी डोकं आणि लाल चोच लावून पक्ष्यासारखे येतात, राजासमोर उभे राहतात आणि म्हणतात की तू बसलायस त्या चौथऱ्यावर अमका राजा बसला होता, त्याने अमकी चांगली कामं केली, तूही असं काही कर की तुझ्यामागे लोक सांगतील. मग त्यांचा प्रमुख पायऱ्या चढून राजाच्या मांडीवर डोकं ठेवतो, नंतर उजव्या खांद्यावर, नंतर डाव्या. इब्न बतूताला तो वेष हास्यास्पद वाटला, पण त्याने शब्द मात्र त्यांचाही लिहून घेतला. मला हे फार आवडतं. आणि वाचा ना, राजाला तोंडावर 'तूही काही कर' म्हणतायत ते, यात भाटगिरी कुठे आहे?

म्हणूनच 'टोळीचा भाट' तर अजिबात नको. टोळी म्हटलं की आपल्याला दरोडेखोर दिसतात, आणि इथे बोलणं चाललंय एका साम्राज्याबद्दल, ज्याचा मन्सा मुसा 1324 मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव पडला. 'घराण्याचा ग्रिओ', 'दरबारचा ग्रिओ', 'केइतांचा जेली' असं लिहा.

लिहिताना 'ग्रिऑट' नको, फ्रेंचमध्ये शेवटचा ट उच्चारत नाहीत. 'जाली' लिहिलंत तर मराठी डोळा जाळीतला ज वाचणार, त्यापेक्षा 'जेली' बरं, जेवणातला ज आपोआप येतो. फक्त मुलांना खायची जेली आठवेल ही अडचण आहेच, तेव्हा मुलांच्या पुस्तकात ग्रिओच ठेवा आणि जेलीमुसो सारखे जोडशब्द येतील तिथे एकदा समजावून सांगा.

आता म्हणी. पहिली, 'म्हातारा माणूस गेला म्हणजे एक ग्रंथालय जळालं', ही मुळात म्हण नाहीच, वर ज्यांचं नाव घेतलं त्या हाम्पाते बांचं वाक्य आहे, 1960 मध्ये युनेस्कोत बोलताना उच्चारलेलं. ते त्यांच्या नावाने द्या. सगळीकडे 'एक आफ्रिकन म्हण' म्हणून फिरतं याचं मला खरंच वाईट वाटतं, ज्या माणसाने आयुष्यभर म्हाताऱ्यांकडून ऐकून ऐकून लिहून ठेवलं त्याचंच नाव गळून पडावं! आणि एकूणच 'आफ्रिकन म्हण' असं लिहू नका, योरुबा म्हण, आकान म्हण, बांबारा म्हण असं भाषेचं नाव घाला, आपण 'आशियाई म्हण' म्हणतो का कधी?

दुसरी मात्र अस्सल बांबारा आहे, 'ओंडका पाण्यात कितीही दिवस राहिला तरी त्याची मगर होत नाही'. इथे 'कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच' टाकायचा मोह होईल, पण टाकू नका. कारल्याच्या म्हणीत स्वभावाचा खोटेपणा आहे, आणि ओंडक्याची म्हण बाहेरून येऊन वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाबद्दलही म्हणतात, तो कितीही रुळला तरी इथला होत नाही या अर्थाने, त्याच्यात काही वाईट आहे असं नाही. आणि मगर तर हवीच. बांबारात मगरीला 'बामा' म्हणतात आणि नायजर नदीकाठच्या बामाको शहराचं नावही मगरीवरूनच पडलं असं तिथे सांगतात.