पहिला रॅक प्रोसेसर घेताना

रॅक प्रोसेसर म्हणजे गिटारच्या आवाजाला इको-रिव्हर्बसारखे इफेक्ट देणारं, रॅकमध्ये बसणारं युनिट. आधी गिटार अँपची पाठ बघा. इफेक्ट्स लूपच (बाहेरचं इफेक्ट युनिट जोडायची सेंड-रिटर्न सॉकेट्स) नसेल तर रॅकचा नाद तूर्त सोडा. लूप पॅरलल असेल, म्हणजे मूळ आवाज अँपमधून थेटही जात असेल, तर प्रोसेसरचं मिक्स १०० टक्के वेट (फक्त इफेक्टचा आवाज) ठेवा. नाहीतर मूळ आवाज किंचित उशिराने स्वतःतच मिसळतो आणि पोकळ ऐकू येतो. लेव्हलचं बटण आधी −१० डीबीव्हीवर, म्हणजे सिग्नलच्या कमी पातळीवर. +४ डीबीयू या स्टुडिओतल्या जास्त पातळीशी त्याचा फरक जवळपास १२ डीबी, चुकलं की एकतर फाटतं, नाहीतर खरखर वाढते.

जुनं युनिट घेताय? प्रीसेट (स्वतःची सेटिंग) सेव्ह करा, बंद करून पुन्हा चालू करा. उडाला तर आतली बॅटरी गेली, आणि ती अनेकदा सोल्डर केलेली असते. अलेसिस क्वाड्राव्हर्ब या जुन्या रॅक युनिटला ९ व्होल्ट एसी लागतो, पेडलचा डीसी अ‍ॅडॅप्टर नाही! अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं युनिट २३० वर थेट लावाल तर ते जळेल.