पहिला चॅम्पियन खच्ची, मग वारसा कोणाचा?

प्रश्न : यंदा सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल चालीचा (वेगाने पण हिसके न देता चालणारा) घोडा बघितला, वरचा स्वार जागचा हलतच नव्हता. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले की अमेरिकेत टेनेसी वॉकिंग हॉर्स म्हणून असाच चालीचा घोडा असतो आणि त्यांचा पहिला चॅम्पियन आधी नांगराला जुंपलेला होता. हे खरंय का? आणि चॅम्पियनच्या पोटी चॅम्पियनच येतो का? आमचे वडील याच हिशोबाने शिंगरू घ्यायला निघालेत. (एक वाचक, शहादा)

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा, खरंच आहे ते. त्या घोड्याचं नाव स्ट्रोलिंग जिम. जन्म १९३६ चा, रंगाने तांबडा, आणि सुरुवातीला गाडीला, नांगराला जुंपलेला. टेनेसी राज्यात वॉरट्रेस नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या फ्लॉइड कॅरदर्स या ट्रेनरने त्याची चाल हेरली आणि त्याला तयार केलं. १९३९ मध्ये शेजारच्या शेल्बीव्हिलला या जातीचा मोठा मेळा पहिल्यांदा भरला, त्याला ते नुसतं 'सेलिब्रेशन' म्हणतात, आणि त्या पहिल्याच वर्षी वर्ल्ड ग्रँड चॅम्पियन कोण तर हाच नांगरवाला जिम.

आता चालीचं सांगतो, कारण खरी मजा तिथेच आहे. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणून स्वार खोगिरावर उडत राहतो. यांच्या 'रनिंग वॉक'मध्ये मात्र चारही पाय सुटे सुटे पडतात, एक-दोन-तीन-चार, एक तरी पाय कायम जमिनीला टेकलेला, मागचा पाय पुढच्याने उमटवलेल्या ठशाच्या पुढे जाऊन पडतो आणि मान तालात वरखाली होत राहते. पूर्वी तिकडचे जमीनदार आणि मुकादम दिवस दिवस शेतं फिरायचे, त्यांना कंबर शाबूत ठेवणारा घोडा हवा होता, म्हणजे शोपीस नाही तर कामाचा घोडा. आपला रेवाल आणि हा एकच असं कृपया कोणाला सांगू नका, जाती वेगळ्या आहेत, पण बसणाऱ्याला सुख तेच!

आता वडिलांचा हिशोब. जिम खच्ची केलेला होता, त्यामुळे त्याचं शिंगरू वगैरे काही नाहीच, पहिला चॅम्पियन आणि वंश शून्य. वंश चालवला तो मिडनाइट सनने. काळा, अंगापिंडाने दणकट, १९४० चा जन्म, फ्रँकलिन गावच्या हार्लिन्सडेल फार्मचा वळू, म्हणजे खच्ची न केलेला घोडा. फ्रेड वॉकर या ट्रेनरने त्याच्यावर बसून १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रँड चॅम्पियनशिप मारली, आणि हा मान मिळवणारा तो पहिला वळू. १९६५ मध्ये तो गेला तोवर लांबलांबून घोड्या त्याच्याकडे आणल्या जायच्या, आणि नंतरच्या जवळजवळ सगळ्या चॅम्पियनांच्या वंशावळीत कुठे ना कुठे त्याचं नाव सापडतंच.

म्हणजे चाल रक्तात असते का, तर बऱ्यापैकी असते. २०१२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी आइसलँडच्या घोड्यांवर काम करून डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला एक बदल शोधला, तो असला की घोड्याला अशा जादाच्या चाली जमतात, आणि टेनेसी वॉकिंगमध्ये तो जवळजवळ प्रत्येकात आहे. पण मग बघा ना, जनुक सगळ्यांकडे आणि चॅम्पियन वर्षाला एकच! उरलेलं सगळं ट्रेनरचा हात, पायांची ठेवण, स्वभाव आणि नशीब. वडिलांना सांगा, शिंगराच्या बापाचे फोटो आणि ट्रॉफ्या बघून पैसे मोजू नका, शिंगराची आई चालवून दाखवायला लावा, मालक टाळाटाळ करायला लागला तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न : मी या घोड्यांचे व्हिडिओ बघितले. पुढच्या पायात जाडजूड बूट, साखळ्या, आणि पाय पार छातीपर्यंत उचलतात. ही नैसर्गिक चाल आहे? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : नाही हो. तिकडे त्याला 'बिग लिक' म्हणतात, आणि जिम असा चालायचा नाही. साधारण १९५० नंतर प्रेक्षकांना आणि जजेसना जास्त उचल आवडायला लागली, मग काही ट्रेनर लोकांनी शॉर्टकट काढला, घोड्याच्या पुढच्या पायांना मोहरीचं तेल, केरोसीन असलं झोंबणारं काहीतरी चोळायचं आणि त्याच दुखऱ्या जागेवर साखळी बांधायची, की पाय टेकला रे टेकला की घोडा कळवळून तो झटक्यात उचलतो आणि लोक टाळ्या वाजवतात. याला 'सोरिंग' म्हणतात. १९७० मध्ये अमेरिकेने याविरुद्ध कायदा केला, तरी प्रकार थांबले नाहीत. २००६ मध्ये तर सरकारी तपासनिसांनी इतके घोडे बाद केले की सेलिब्रेशनला त्या वर्षी ग्रँड चॅम्पियनच झाला नाही. माझं मत विचाराल तर ज्या चालीसाठी ही जात नावाजली तीच स्पर्धेपायी बिघडवली. अर्थात बूट-साखळीशिवाय साध्या नालेवर चालवणारेही तिकडे भरपूर आहेत, व्हिडिओ बघायचेच तर त्यांचे बघा.

प्रश्न : आम्ही मुलाकडे नॅशव्हिलला आलोय. या घोड्यांचं काही बघण्यासारखं आहे का? (एक आजोबा)

उत्तर : आहे ना! फ्रँकलिन तुमच्या अगदी जवळ, तिथलं हार्लिन्सडेल फार्म आता सार्वजनिक पार्क आहे, नातवंडांना घेऊन जा. ऑगस्टअखेर तिथे असाल तर शेल्बीव्हिलचा मेळा. आणि थोडं लांब वॉरट्रेसला गेलात तर जुन्या वॉकिंग हॉर्स हॉटेलच्या मागे स्ट्रोलिंग जिमला पुरलंय, १९५७ मध्ये गेला तो. त्याच गावात १९७९ पासून 'स्ट्रोलिंग जिम' नावाची चाळीसेक मैलांची शर्यत होते, त्यात घोडा नसतो, माणसं धावतात.