हरला की पट उधळतो, काय करू?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता पालक खुर्चीत टेकायच्या आधीच मला अंदाज येतो. "मॅडम, तसा खूप हुशार आहे हो, पण हरणं अजिबात सहन होत नाही." मग लुडोच्या सोंगट्या फेकल्या, कॅरमचा स्ट्रायकर भिरकावला, सोसायटीच्या क्रिकेटमध्ये आउट दिलं तर स्वतःची बॅट घेऊन सरळ घरी निघून आला, अशी यादी. आणि शेवटी हमखास, "मग आम्ही मुद्दाम हरायचं का? की जगात हरावं लागतंच हे आत्तापासूनच कळू दे?" त्यात डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत बुद्धिबळाचा पट आलाय, चांगलंच आहे, पण त्या पटाबरोबर घरात रडारडही आलीये.

एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बऱ्याच बैठका इथे चार-दोन संवादांत कोंबल्यात. सिंहगड रोडला राहणारं कुटुंब, बाबा हिंजवडीला आयटीत, आई बँकेत, घरात आजोबा, आणि चौथीतला मुलगा. त्याला घरात सोन्या म्हणतात, मीही तेच म्हणते. बुद्धिबळाचा क्लास लावला होता, दोन महिन्यांत सोडला, कारण प्रत्येक हरलेल्या डावानंतर घरी येऊन दार आपटणं, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही.

पहिल्या भेटीत बाबांनी विचारलं, "मॅडम, याला अँगर इश्यू आहे का?"

म्हटलं, मला माहीत नाही, मी अजून त्याला हरताना बघितलेलं नाही.

मी ज्या विचाराच्या लोकांकडून शिकले ना, ते मुलाला एकट्याला समोर बसवून तपासत बसत नाहीत. साल्वाडोर मिनुचिन म्हणून फॅमिली थेरपिस्ट होऊन गेले, फिलाडेल्फियाला काम करायचे, न जेवणारी मुलगी त्यांच्याकडे आणली की ते अख्ख्या घरालाच क्लिनिकमध्ये जेवायला बसवायचे आणि टेबलावर कोण कोणाशी काय बोलतंय ते बघायचे. माझं तेच म्हणणं आहे, आजही. घरी काय होतं ते मला सांगू नका, इथे करून दाखवा. मी जेवण नाही देत, पट मांडते.

माझ्या कपाटात पाच-सहा पट आहेत पण दोघांचाच खेळ हवा असेल तर मी बहुतेक वेळा क्वोरिडॉर काढते. मिर्को मार्केझी याने बनवलेला आणि जिगामिक या फ्रेंच कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणलेला खेळ, सांगायला दोन मिनिटं लागतात. नऊ बाय नऊ घरांचा पट, दोघांचं एकेक प्यादं, आणि प्रत्येकाकडे १० भिंती. पाळी आली की एकतर प्यादं एक घर सरकवायचं नाहीतर एक भिंत उभी करायची, दोन्ही नाही. समोरच्या कडेच्या कुठल्याही घरात जो आधी पोचेल तो जिंकला. भिंत दोन घरांएवढी लांब असते आणि एकदा लावली की हलत नाही, आणि समोरच्याचा रस्ता पूर्ण बंद करायला परवानगी नाही, कितीही लांबून का होईना एक वाट ठेवावीच लागते. (हा नियम सांगितला की बरेच पालक माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघतात, जणू आता मी जीवनावर काहीतरी बोलणारे. नाही बोलत. नियम आहे, खेळा.)

मला हा खेळ आवडतो त्याचं कारण वेगळंय. एक म्हणजे डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो. बुद्धिबळात तासभर झुंजून हरलं की संध्याकाळच गेली, इथे एका संध्याकाळी तीनदा हरता येतं, म्हणजे एकेक हार स्वस्त पडते. दुसरं म्हणजे यात फासा नाही. लुडोत हरलं तर सहाच पडत नव्हते असं म्हणून फाशावर ढकलता येतं, इथे जे झालं ते आपण लावलेल्या भिंतींमुळे झालं, त्यामुळे लागतं पण तसंच, आणि म्हणूनच माझ्या टेबलावर जे बघायचं ते लवकर दिसतं.

तर नंतरच्या एका भेटीत बाबा आणि सोन्या बसले. सोन्याने नव्या खेळाडूसारख्या सुरुवातीलाच धडाधड भिंती लावल्या, बाबांना वळसे घ्यायला लावले, खूश. मग त्याच्या भिंती संपल्या आणि बाबांच्या हातात पाच शिल्लक. पुढचं काय ते तुम्हाला कळलं असेल. बाबांनी शेवटच्या टप्प्यात एकामागून एक भिंत टाकली, सोन्या समोरच्या कडेपासून तीन घरांवर होता तो लांब गेला, बाबा पोचले.

आणि मी बघत होते. पोराने ओठ घट्ट मिटले, डोळे भरले, नाक ओढलं, आणि हात पुढे करून भिंती गोळा करायला लागला. परत मांडायला. उधळायला नाही हो, मांडायला!

तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब थांब, उचलू नकोस. आधी बघ इथे काय केलंस तू. ही भिंत कशाला लावलीस? मी सांगितलं होतं ना पुढचा विचार करायचा, बुद्धिबळात पण तू हेच करतोस, घाई, गणितात पण..."

गणितापर्यंत पोचेपर्यंत पट जमिनीवर होता.

"बघितलंत मॅडम? हे असं होतं हरला की."

मी म्हटलं, हो, बघितलं. पण हरला तेव्हा नाही झालं हे. हरल्यानंतर तो पुढचा डाव मांडत होता. तुमचं गणित आलं तेव्हा झालं.

बाबा गप्प. आई खिडकीकडे बघायला लागली. मग तिनेच विषय काढला, म्हणजे बाजू सावरायला, की ती घरी असं करत नाही, ती त्याच्याशी खेळते तेव्हा शांत असतो, जिंकतो ना, म्हणून. मी सोन्याला विचारलं, आईबरोबर मजा येते का रे खेळायला?

"आई खोटं खोटं खेळते."

"कशावरून?" आईने एकदम विचारलं, आवाजात दुखावल्यासारखं होतं.

घरी त्यांच्याकडे हा खेळ नव्हता, पण मागच्या भेटीत बाबा उशिरा आले तेव्हा आई आणि तो इथेच खेळले होते. सोन्या पटाकडे बघत म्हणाला, "तू हरलीस ना इथे, या मावशींकडे, तेव्हा तुझ्या हातात सहा भिंती होत्या. सहा. मी एक घरावर होतो तरी तू लावली नाहीस." मग जरा थांबून, "मग मी जिंकलो का नाही ते मला कसं कळणार?"

सांगते, मी या खुर्चीत बरीच वर्षं बसलेय, पुस्तकं खूप वाचलीत, पण मुद्दाम हरावं का या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर मला कुठे सापडलं नव्हतं. मोठ्यांना वाटतं मुलाला कळत नाही. अहो ते भिंती मोजतं!

त्या दिवशी मला ते घर दिसलं. आई त्याला हरूच देत नव्हती आणि बाबा त्याला एकट्याने हरू देत नव्हते. दोघांचंही प्रेमच, त्यात शंका नाही. पण हरल्यावर जे दोन मिनिटं पोटात कसंतरी होतं आणि मग आपोआप ओसरतं, ते पूर्ण होईपर्यंत त्या मुलाला कधी वेळच मिळाला नव्हता. एकाने प्रसंग येऊ दिला नाही, दुसऱ्याने आल्या आल्या त्याचा क्लास घेतला. मग हरणं झेपतं की नाही हे त्याला तरी कुठून कळणार.

पुढच्या वेळी मी बाबांना एकच काम दिलं. डाव संपला की दोन मिनिटं तोंड उघडायचं नाही, चांगलंही बोलायचं नाही. "वेल प्लेड पण नाही?" नाही. "पाठीवर हात?" त्याने मागितला तर.

बाबा जिंकले. शांतता. दोन मिनिटं किती लांब असतात ते अशा वेळी कळतं, बाहेर कर्वे रोडचे हॉर्न ऐकू येत होते, बाबांनी दोनदा श्वास घेऊन तोंड उघडलं आणि मिटलं, आईने पर्सची चेन उघडली लावली उघडली लावली. सोन्याच्या गालावरून पाणी आलं, त्याने बाहीने पुसलं, टेबलाखाली पाय आपटले जरा. पट तसाच होता. मग तो पटावर वाकला आणि स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला, "मी भिंती लवकर संपवल्या." आणि मग वर बघून, "परत."

बाबा जे वर्षभर ओरडून सांगत होते ते वाक्य पोराने स्वतः काढलं, फक्त तेवढी जागा हवी होती. मी काही बोलले नाही पण मनातून मला फार बरं वाटलं, आपल्या कामात असे क्षण रोज येत नाहीत.

परत जाताना बाबा दारात थांबून म्हणाले, "माझे वडील चौथीच्या स्कॉलरशिपच्या सराव पेपरचं असंच करायचे. किती मिळाले ते नाही, सुटलेले कुठे. रात्री जेवायच्या आधी." आता तेच आजोबा त्यांच्याच घरी असतात आणि नातवाला मात्र मुद्दाम जिंकवतात, हे बाबांनीच हसत सांगितलं. यावर मला जास्त काही सांगावं लागलं नाही. घरातल्या सवयी अशाच खाली येतात, कुणी शिकवत नाही तरी.

आता तुमचा खरा प्रश्न, की मोठी माणसं खरं खेळली तर लहान मूल कायमच हरेल, मग त्याने का खेळावं? बरोबर आहे. म्हणून सवलत द्या, पण उघड द्या. क्वोरिडॉरमध्ये सोप्पं आहे, मुलाला १० भिंती, बाबांना ६, हे डावाच्या आधी दोघांनी मिळून ठरवायचं आणि मग दोघांनीही जीव तोडून खेळायचं. जपानमधल्या गो या खेळात दुबळ्या खेळाडूला सुरुवातीलाच जादा सोंगट्या पटावर मांडून देतात, बुद्धिबळात तगडा खेळाडू आपला वजीर किंवा घोडा आधीच काढून ठेवायचा अशी जुनी रीत आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. फरक एवढाच की उघड सवलतीत मिळालेला विजय मुलाचा स्वतःचा असतो आणि चोरून दिलेला तुमचा. सोन्या लागोपाठ जिंकायला लागला तेव्हा त्यानेच बाबांना सांगितलं, "आता तू सात घे." हे बाबांनी मला मेसेज करून कळवलं, पुढे तीन उद्गारचिन्हं.

काही पालक विचारतात की पाच वर्षांचं मूल नियमच बदलतं, हरायला लागलं की सोंगटी मागे नेतं, हे खोटं बोलणं आहे का. नाही हो. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना गोट्या खेळताना बघून लिहून ठेवलंय की लहान मुलं एकत्र खेळताना दिसली तरी आपापलंच खेळत असतात, नियम पाळून दुसऱ्यावर मात करायची ही भानगड साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास सुरू होते. त्यामुळे बालवाडीतल्या मुलाबरोबर स्ट्रॅटेजी गेम काढूच नका, क्वोरिडॉरच्या खोक्यावरही आठ वर्षांपुढे असंच आहे.

आणि "हुशार" म्हणणं जरा कमी करा. पुण्यात हे सांगणं म्हणजे धाडसच आहे, माहितीये मला. म्युलर आणि ड्वेक या दोघींनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांपैकी ज्यांना हुशार म्हणून शाबासकी मिळाली होती, ती नंतर अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर हात टेकायची, मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली टिकून राहिली. सोन्याच्या घरात हुशार हा शब्द दिवसातून किती वेळा येतो ते मोजायला सांगितलं तर आईने दुसऱ्याच दिवशी मोजणं सोडून दिलं. ज्याची ओळखच हुशार अशी आहे त्याला हरणं म्हणजे ओळखपत्र हरवल्यासारखं होतं.

तुम्ही स्वतः कसे हरता तेही बघा जरा. बाबा ऑफिसच्या मॅचमधून हरून आले की कारणं सांगतात का, पिच खराब, अंपायर त्यांचा. मूल ऐकत असतं. आणि वेळ साधा, रात्री दहाला, भुकेला, उद्या परीक्षा, अशा वेळी कुणीच नीट हरत नाही, मीसुद्धा.

खेळ विकतच घ्यायला पाहिजे असंही नाही. आपली नवकंकरी आहे की, एकात एक तीन चौकोन काढायचे, बाजूंचे मध्य जोडायचे, दोघांच्या नऊ-नऊ कवड्या नाहीतर चिंचोके, तीन एका ओळीत आले की समोरच्याची एक उचलायची, ज्याच्या दोनच उरल्या किंवा हलायला जागा उरली नाही तो हरला. किल्ल्यांवर, लेण्यांत दगडात कोरलेले हे पट तुम्ही बघितलेही असतील. सवलतही देता येते, मोठ्याने सात कवड्या घ्यायच्या. सोन्याच्या आजोबांना तो खेळ येत होता पण कुणी विचारलंच नव्हतं, आता फरशीवर खडूने काढलाय, आणि आजोबांना पण सांगून ठेवलंय की मुद्दाम हरायचं नाही, ते अजून चोरून हरतात असा सोन्याचा आरोप आहे.

एवढं सगळं करून महिना-दोन महिन्यांत काहीच फरक नाही, खेळापुरतंच नाही तर शाळेत, मित्रांत, ताटावरही रोज हेच, किंवा मूल स्वतःला मारून घेतंय, झोप बिघडलीये, तर मात्र पट बाजूला ठेवा आणि कुणालातरी दाखवा, शाळेच्या समुपदेशकापासून सुरुवात केली तरी चालेल.